'आय वॉज वेंट ऑन रंकाळा' : पाच लाल गोल आणि त्यामागचं मराठी



आजचा पाठ एका चौथीच्या वहीपासून सुरू करते. मागच्या वर्षी सोमवारी मी मुलांना 'माझा रविवार' या विषयावर इंग्रजीत तीन वाक्यं लिहायला सांगितली होती. एका मुलीनं लिहिलं :

ऑन लास्ट संडे आय वॉज वेंट ऑन रंकाळा.
वुई डिड नॉट एट भेळ.
आजी टोल्ड टू मी अ स्टोरी.

मी सवयीनं लाल पेन उचललं आणि पाच गोल केले. तीन वाक्यं, पाच चुका. खाली 'पुन्हा लिही' असं लिहून वही परत दिली. तिनं ती बघितली, मिटली आणि दप्तरात टाकली. नंतरचे आठ-दहा दिवस इंग्रजीच्या तासाला तिचा हात वर आला नाही. पाढे म्हणताना सगळ्यात मोठा आवाज तिचा, पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की मान खाली. त्याच आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. म्हणाले, "बाई, पोरीला इंग्रजी जमंना झालंय. दाखला द्या, इंग्लिश मीडियमला घालतो."

त्या दिवशी घरी गेल्यावर मी ती तीन वाक्यं एका कागदावर उतरवली आणि प्रत्येक वाक्याखाली ते मराठीत कसं म्हणतात ते लिहिलं :

गेल्या रविवारी मी रंकाळ्यावर गेलो होतो.
आम्ही भेळ खाल्ली नाही.
आजीनं मला गोष्ट सांगितली.

आता दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून बघा. पोरीनं निष्काळजीपणा कुठंच केलेला नाही. पाचही ठिकाणी तिनं मराठीचा नियम अगदी प्रामाणिकपणे पाळलाय. चूक एवढीच की तो नियम इंग्रजीला लागू नाही, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे मीच सांगितलं नव्हतं.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. माझ्या पिढीनं एबीसीडी पाचवीत गिरवली. त्याआधीच्या कितीतरी पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकल्या, एक मराठी वाक्य आणि त्याचं इंग्रजी. आता पहिलीपासून कानावर इंग्रजी पडतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण 'मराठीत असं म्हणतो, इंग्रजीत तसं म्हणतात' ही तुलना वर्गातून जवळजवळ गेली. भूतकाळ आणि शब्दयोगी अव्ययं शिकवताना ती परत आणावी, असं माझं अनुभवाअंती मत झालंय. ते का, हे त्या पाच गोलांवरूनच बघू. आधी क्रियापदाचे दोन गोल, मग वर, त, ला यांचे तीन.

गोल पहिला : वॉज वेंट

'गेलो होतो' यात दोन शब्द आहेत. गेलो म्हणजे वेंट, होतो म्हणजे वॉज. मुलीनं दोन्ही लिहिले. तिच्या हिशोबानं एकही शब्द सुटला नाही!

गंमत अशी की मराठीत आपण 'गेलो होतो', 'खाल्लं होतं', 'आले होते' हे साध्या भूतकाळासाठीही सर्रास वापरतो. "काल कुठं होतास?" "पन्हाळ्याला गेलो होतो." इथं पूर्ण भूतकाळ वगैरे काही मनात नसतं. काल गेलो, एवढंच सांगायचं असतं. इंग्रजीत त्यासाठी एकच शब्द पुरतो : आय वेंट. 'हॅड गॉन' हे रूप तेव्हा लागतं, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी कोणती आधी घडली ते सांगायचं असतं. आम्ही स्टँडवर पोहोचलो, तोवर गाडी गेली होती. इथं गाडी जाणं आधी, पोहोचणं नंतर. म्हणून 'द बस हॅड गॉन'.

मुलांना मी आता एवढंच सांगते : वाक्यात काल, परवा, गेल्या आठवड्यात असं काही असेल आणि एकच गोष्ट सांगायची असेल, तर 'होतो' सोडून द्या. गेलो होतो, वेंट. खाल्लं होतं, एट. बघितलं होतं, सॉ.

मग 'वॉज' कधी? जेव्हा 'होतो' हेच वाक्यातलं एकमेव क्रियापद असतं. मी घरी होतो, आय वॉज ॲट होम. आम्ही दमलो होतो याचं मात्र 'वुई वेअर टायर्ड' होतं, कारण तिथं दमणं ही क्रिया नाही, आमची अवस्था आहे.

याच गोलाला चिकटून एक सोपी गोष्ट सांगायची राहते. मराठीत मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी पोहे खाल्ले. खाणारा तोच, पण काय खाल्लं त्यावरून क्रियापद बदललं. यालाच आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. शिवाय मुलगा गेला, मुलगी गेली, मुलं गेली. एवढा सगळा पसारा आपलं चार वर्षांचं पोर न शिकवता सांभाळतं. इंग्रजीत आंबा असो, पोळी असो, पोहे असोत, 'एट'. तो, ती, ते, आम्ही, तुम्ही, सगळ्यांना 'वेंट'. अपवाद फक्त वॉज आणि वेअर यांचा. हे ऐकलं की मुलांचे चेहरे खुलतात. "बाई, हे तर सोप्पं हाय!" हो, या बाबतीत इंग्रजी खरंच सोपं आहे, आणि ते मुलांना कळलंच पाहिजे.

आपल्या कोल्हापूरच्या मुलींना तर हे आणखी सोपं जायला हवं. आपल्याकडं मुलगीही 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणते. मी स्वतः घरी तसंच बोलते. 'आय वेंट'मध्येही मुलगा-मुलगी असा फरक नाही. म्हणजे अर्धा नियम आपल्या बोलीतच आहे. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुली हसतात, पण नियम विसरत नाहीत.

गोल दुसरा : डिड नॉट एट

'आम्ही भेळ खाल्ली नाही.' भूतकाळ कुठं आहे? 'खाल्ली'मध्ये. 'नाही' या शब्दात भूतकाळ नाही. ते फक्त नकार देतं. मी जातो आणि मी जात नाही, मी गेलो आणि मी गेलो नाही. म्हणजे मराठीत नकार आला तरी भूतकाळ क्रियापदापाशीच राहतो. मुलीनं तो तिथंच ठेवला : डिड नॉट एट.

इंग्रजीत मात्र नकार किंवा प्रश्न आला की 'डिड' येतो आणि क्रियापदाकडचा भूतकाळ स्वतःकडं घेतो. हे समजावण्यासाठी मी वर्गात एक फेटा आणते. दोन मुलं पुढं उभी करायची. एक 'एट', त्याच्या डोक्यावर फेटा. फेटा म्हणजे भूतकाळ. दुसरा 'डिड', तो अजून बाजूला. मी म्हणते, "आम्ही भेळ खाल्ली," तेव्हा 'एट' एकटा फेटा बांधून पुढं येतो. मी म्हणते, "खाल्ली नाही," की 'डिड' पळत येतो आणि फेटा काढून आपल्या डोक्यावर घालतो. फेटा गेला की 'एट'चा पुन्हा साधा 'ईट' झाला. वुई डिड नॉट ईट भेळ.

फेटा एकच. एका वाक्यात दोघांच्या डोक्यावर फेटा नाही. प्रश्नातही तेच. 'तू गेलास का?' याचं 'डिड यू गो?' होतं. इथं 'डिड' फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं उभा राहतो.

एका मुलानं मला विचारलं, "बाई, मग 'आय डिड नॉट डू होमवर्क'मध्ये डिड आणि डू दोन्ही कशाला?" प्रश्न एकदम बरोबर आहे. 'डू' म्हणजे करणं, ते खरं काम करणारं क्रियापद. 'डिड' फक्त फेटा धरायला आलाय. योगायोगानं दोघं एकाच घरचे आहेत, एवढंच. 'आय डिड माय होमवर्क' म्हणताना मात्र डू स्वतःच फेटा बांधतो आणि डिड होतो.

'जा'चं 'गेला' कसं झालं?

पुढच्या गोलाकडं जाण्याआधी पालकांच्या नेहमीच्या तक्रारीबद्दल दोन शब्द. "गोचं वेंट, ईटचं एट, बायचं बॉट, काही नियमच नाही. पाठ तरी किती करायचं?"

पालकहो, जरा मराठीकडं बघा. जा, पण गेला. कर, पण केला. ये, पण आला. हो, पण झाला. घे, पण घेतला. सांग, पण सांगितला. यात तरी कुठला सरळ नियम आहे? 'गेला' हा शब्द 'जा'पासून आलेलाच नाही. 'जा'चं मूळ संस्कृतातल्या 'या' धातूत आहे आणि 'गेला'चं मूळ 'गम्' धातूच्या 'गत' या रूपात. दोन वेगळ्या धातूंची रूपं मराठीत एका संसारात नांदतात. इंग्रजीतही अगदी असंच झालंय. 'वेंट' हे मुळात 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच जुन्या क्रियापदाचं रूप होतं, ते पुढं 'गो'च्या घरात आलं. दोन्ही भाषांत जाण्याचंच क्रियापद असं निघावं, याची मला फार गंमत वाटते.

दोन-अडीच वर्षांचं पोर "मी करलं" म्हणतं. आपण हसतो, "केलं म्हण हं" म्हणतो आणि विषय संपतो. कुणी लाल गोल करत नाही. तेच पोर आठव्या वर्षी 'गोड' किंवा 'ईटेड' म्हणालं, की आपण कपाळाला हात लावतो. खरं तर दोन्ही वेळा ते नियम शोधत असतं. 'करलं' म्हणणाऱ्या पोराला '-ल' लागतो हे कळलेलं असतं. 'ईटेड' म्हणणाऱ्याला '-एड' लागतो हे कळलेलं असतं. फक्त अपवाद शिकायचा राहिलेला असतो.

हे अपवादही अकारविल्हे यादी करून पाठ करू नयेत. आवाजावरून गट केले की पटकन बसतात :

• सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक, स्विम-स्वॅम, सिट-सॅट
• बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट
• स्लीप-स्लेप्ट, कीप-केप्ट, स्वीप-स्वेप्ट
• काहीच न बदलणारे : कट, पुट, हिट, शट, हर्ट

आठवड्याला एक गट, तोही ठेक्यात म्हणायचा. गो-वेंट, ईट-एट, सी-सॉ, कम-केम, गिव्ह-गेव्ह, टेक-टूक यांसारखे रोजचे दहा-बारा मात्र बोलण्यातूनच येऊ द्यावेत.

वर्णमालेत लपलेला उच्चार

आता नियमित क्रियापदं. त्यांना '-एड' लागतो. मुलं वाचताना 'वॉकेड', 'वॉशेड', 'प्लेयेड' असं वाचतात, कारण मराठीत जे लिहिलं ते वाचायचं ही सवय. प्रत्यक्षात या '-एड'चे तीन उच्चार आहेत, आणि ते ठरवायला आपली वर्णमालाच कामाला येते.

क्रियापदाच्या शेवटी ऐकू येणारा आवाज क-ख, च-छ, त-थ, प-फ अशा वर्गातल्या पहिल्या दोन अक्षरांतला असेल किंवा श, स असेल, तर '-एड'चा उच्चार 'ट' होतो. वॉक-वॉक्ट, वॉच-वॉच्ट, जम्प-जम्प्ट, लाफ-लाफ्ट, वॉश-वॉश्ट.

शेवटी ट किंवा ड असेल, तर 'इड'. वॉन्ट-वॉन्टिड, स्टार्ट-स्टार्टिड, नीड-नीडिड.

बाकी सगळीकडं, म्हणजे ग, ब, न, म, र, ल हे आवाज असोत किंवा स्वर असो, 'ड'. बेग-बेग्ड, क्लीन-क्लीन्ड, ओपन-ओपन्ड, प्ले-प्लेड.

हे नियम पाठ करायची गरज नाही. गळ्यावर बोट ठेवून 'क' आणि 'ग' म्हणायला सांगा. 'ग' म्हणताना गळ्यात थरथर जाणवते, 'क'ला जाणवत नाही. थरथर असेल तर ड, नसेल तर ट. शेवटी ट किंवा ड असलेल्या शब्दांना तेवढं 'इड'. मुलांना हा खेळ इतका आवडतो की मधल्या सुट्टीतही गळ्यावर बोटं ठेवून फिरतात.

गोल तिसरा : ऑन रंकाळा

आता वर, त, ला यांच्याकडं वळू. मराठीत हे शब्द नामाच्या मागून येतात आणि नामाला चिकटतात. रंकाळा-रंकाळ्यावर, शाळा-शाळेत, घोडा-घोड्यावरून. चिकटताना नामाचं रूपही बदलतं, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. इंग्रजीत हा शब्द नामाच्या आधी, सुटा येतो आणि नाम जसंच्या तसं राहतं. एवढा फरक मुलांना लवकर कळतो. अडचण पुढं आहे. मराठीतल्या एका प्रत्ययासाठी इंग्रजीत एकच शब्द नसतो.

'वर'चंच बघा. पुस्तक टेबलावर आहे, ऑन. पंखा डोक्यावर आहे, ओव्हर किंवा अबव्ह. आणि रंकाळ्यावर गेलो? तिथं 'टू'. 'ऑन रंकाळा' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी तळ्याच्या पाण्यावर चालत गेली!

'त'चंही तसंच. मी शाळेत गेलो आणि मी शाळेत होतो. मराठीत दोन्हीकडं 'शाळेत'. इंग्रजीत पहिल्यात 'टू', दुसऱ्यात 'ॲट' किंवा 'इन'. 'ने'चे तर किती अवतार! बसने आलो, बाय बस. चाकूने कापलं, विथ अ नाइफ. आईने दिलं, इथं तर काहीच नाही, नुसतं 'मदर गेव्ह'.

मग मुलांनी ठरवायचं कसं? मी एक प्रश्न शिकवते : "पाय हलले का?" तिकडं जायला पाय हलले असतील तर टू. तिकडून आलो असू तर फ्रॉम. तिथंच होतो, तिथंच काही केलं, तर ॲट किंवा इन.

आय वेंट टू रंकाळा. (पाय हलले.)
आय प्लेड ॲट रंकाळा. (पोचल्यावर तिथंच खेळलो.)
आय केम फ्रॉम रंकाळा. (तिकडून निघालो.)

एक अपवाद रोज लागतो. 'घरी गेलो' याचं 'वेंट होम'. तिथं टू नाही.

गोल चौथा : ऑन लास्ट संडे

वेळ सांगताना मराठी एकदम सुटसुटीत आहे. सोमवारी, सकाळी, दुपारी, रात्री. शेवटी 'ई' लावली की झालं. इंग्रजीत मात्र सोमवारी म्हणजे 'ऑन मंडे', सकाळी म्हणजे 'इन द मॉर्निंग', रात्री म्हणजे 'ॲट नाइट'. मराठीत एक प्रत्यय, तिकडं तीन वेगळे शब्द. मूल गोंधळणार नाही तर काय?

यासाठी मी फळ्यावर तीन गोष्टी काढते. एक ठिपका, एक चौकोन, एक मोठी पिशवी. ठिपका म्हणजे घड्याळातली नेमकी वेळ, ॲट : ॲट एट ओक्लॉक. चौकोन म्हणजे कॅलेंडरवरचा एक दिवस, ऑन : ऑन संडे, ऑन ट्वेंटीसिक्स्थ जून. पिशवी म्हणजे ज्यात पुष्कळ दिवस मावतात, महिना, वर्ष, ऋतू, इन : इन जून, इन समर. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांना इन. रात्रीला ॲट, हे तेवढं लक्षात ठेवायचं.

आणि लास्ट, धिस, नेक्स्ट किंवा यस्टरडे आलं की तिघांनाही सुट्टी. मराठीतही आपण 'काल' म्हणतो, 'काली' म्हणत नाही. पण 'गेल्या रविवारी' म्हणतो, म्हणून आमच्या पोरीनं तिथं 'ऑन' घातला. नुसता रविवार असता तर तिचं बरोबर होतं.

सरावासाठी आपल्या मातीतलाच उतारा घ्या. शाहू महाराजांबद्दल मुलांना माहिती असतेच, त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं :

शाहू महाराज वॉज बॉर्न ऑन २६ जून १८७४.
ही वॉज बॉर्न ॲट लक्ष्मी विलास पॅलेस इन कोल्हापूर.
ही बिकेम किंग इन १८९४.
ही मेड प्रायमरी एज्युकेशन फ्री अँड कम्पल्सरी इन १९१७.
ही डाइड ऑन ६ मे १९२२.

पूर्ण तारीख आली तिथं ऑन, नुसतं साल आलं तिथं इन. राजवाडा म्हणजे नकाशावरचा ठिपका, म्हणून ॲट. कोल्हापूर म्हणजे मोठी पिशवी, म्हणून इन. वेळेचा नियम जागेलाही असा लागतो. ('वॉज बॉर्न' बघून एखादं मूल 'वॉज वेंट'ची आठवण करून देईल. देऊ द्या. 'बॉर्न' हे तिसरं रूप आहे, वेंट हे दुसरं. वॉजशेजारी दुसरं रूप बसत नाही.)

आणि हा उतारा वाचताना मुलांना हेही सांगा, की प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा निर्णय ज्या संस्थानानं १९१७ साली घेतला, त्याच मातीतल्या शाळेत आपण बसलोय.

गोल पाचवा : टोल्ड टू मी

'मला सांगितली' यात 'ला' आहे, म्हणून 'टू'. पण टेल, आस्क, रीच ही क्रियापदं मध्ये कुणाला घेत नाहीत. आजी टोल्ड मी. आय आस्क्ड द टीचर. वुई रीच्ड द स्कूल. याउलट काही क्रियापदं जोडीदाराशिवाय बाहेर पडत नाहीत :

• वाट पाहिली : वेटेड फॉर
• ऐकलं : लिसन्ड टू
• बघितलं, निरखलं : लुक्ट ॲट
• (कुणाला) हसला : लाफ्ट ॲट
• शोधलं : लुक्ट फॉर

यात तर्क शोधत बसू नये. मराठीत आपण त्याच्याशी बोलतो, त्याला भेटतो, त्याच्यावर रागावतो. एकाच माणसासाठी तीन प्रत्यय, क्रियापद बदललं की प्रत्यय बदलला. 'मी त्याच्यावर भेटलो' असं कुणी म्हणत नाही, कारण 'ला भेटणं' अशी जोडीच कानात बसलेली असते. इंग्रजीतही जोडीच शिकवायची. फळ्यावर नुसतं 'लिसन' लिहू नका, 'लिसन टू' लिहा. शब्दार्थाच्या वहीतही जोडीच उतरवून घ्या.

पालकांनी घरी काय करावं?

इंग्रजी येत नाही म्हणून बरेच पालक मागं सरतात. पण या कामाला तुमचं इंग्रजी लागत नाही, मराठी लागतं.

रात्री जेवताना मुलाला दिवसभरातल्या तीन गोष्टी मराठीत विचारा. कुठं गेलास, काय खाल्लंस, कुणाला भेटलास. त्याला तीच तीन वाक्यं इंग्रजीत सांगू द्या. अडलं तर विचारा, "यात फेटा कुणाच्या डोक्यावर?" "पाय हलले का?" "ठिपका, चौकोन का पिशवी?" बरोबर उत्तर तुम्हाला माहीत नसलं तरी चालेल, मूल विचार करायला लागेल. चुकलं तर लगेच अडवू नका. त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या.

शिक्षक मित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी वहीत गोल करायच्या आधी त्या वाक्याखाली त्याचं मराठी लिहून बघा. दहापैकी सात-आठ चुकांचं मूळ तुम्हाला तिथंच सापडेल. आणि एका वेळी एकच गोल करा. पाच गोल बघून मुलाला पाच गोष्टी कळत नाहीत. त्याला एकच गोष्ट कळते, की मला येत नाही.

त्या मुलीचं पुढं काय झालं, ते सांगते. मी तिला आणि तिच्या वडिलांना एकत्र बसवलं. दोन्ही ओळी एकाखाली एक दाखवल्या आणि म्हटलं, "ही चूक हुशार पोराची आहे. हिला मराठीचं व्याकरण पक्कं येतं, म्हणून हिच्याकडून ही चूक झाली. इंग्रजीचं मी बघते." वडील बराच वेळ कागद बघत होते. मग पोरीला म्हणाले, "म्हंजी तुझं मराठीत बरोबर हाय की गं."

दाखल्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि वर्षभरातही नाही. पोरगी काही फाडफाड इंग्रजी बोलायला लागली नाही. पण महिन्याभरानं जोतिबाला जाऊन आल्यावर तिनं आपणहून हात वर केला आणि म्हणाली, "बाई, आय वेंट टू जोतिबा. आय डिड नॉट..." इथं थांबली. एक हात डोक्याकडं गेला, फेटा काढल्यासारखा. मग म्हणाली, "...डिड नॉट क्राय इन द बस."

फेटा बरोबर डोक्यावर होता. मी फळ्यावर ते वाक्य तिच्या नावासकट लिहिलं.

तुमच्या वर्गात अशी वाक्यं मिळाली तर त्यांचं मराठी शेजारी लिहून जपून ठेवा. पुढच्या वर्षी शिकवायला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.